पॅसिफिक कोस्ट लीगचा गाववार पट : प्रकल्प नोंदी

10 मे 2025

आज कागद आणला. तीन फूट रुंदीचा ब्राउन पेपरचा रोल. पुस्तकांना कव्हरं घालायचा तसलाच, पण जाड. डायनिंग टेबल भिंतीला सरकवून जमिनीवरच पसरला आणि चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले.

प्रमाण ठरलं: एका हंगामाला एक सेंटिमीटर. लीग 1903 ला सुरू झाली, यंदाचा 2025 धरला तर 123 सेंटिमीटर होतात. डावीकडे नावांसाठी वीस, उजवीकडे कोरी जागा वीस.

हे वाचणाऱ्यांतल्या ज्यांना बेसबॉलची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत वरच्या लीगमध्ये तीस क्लब आहेत. त्यांचे खेळाडू तयार होतात खालच्या लीगमध्ये, आणि तिथली सगळ्यात वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. पॅसिफिक कोस्ट लीग ही त्या पायरीवरची पश्चिमेकडची लीग. आमच्या टाकोमाचा (वॉशिंग्टन राज्यातलं, सिअ‍ॅटलजवळचं गाव) रेनियर्स संघ तिच्यात खेळतो. इथे आज धावणारा मुलगा उद्या सिअ‍ॅटल मरिनर्सकडून खेळताना दिसू शकतो, आणि पुन्हा आठवड्यात परतही येतो.

कामाला निमित्त बाबांचं. मागच्या उन्हाळ्यात ते साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना चेनी स्टेडियमवर नेलं. प्रेक्षकांच्या खुर्च्यांतच बेन चेनी यांचा, म्हणजे ज्यांच्या धडपडीतून हे मैदान झालं त्यांचा, ब्राँझचा पुतळा बसवलाय, हातात शेंगदाण्यांची पिशवी. बाबा त्याच्याशेजारी बसले, पहिल्या तीन डावांत नियम समजून घेतले आणि मग विचारलं, "हा संघ इथला कधीपासून?" म्हटलं, 1960 पासून. "त्याआधी कुठे होता?" मला सांगता आलं नाही. गेलं वर्षभर तो प्रश्न डोक्यात आहे.

17 मे

पहिला कच्चा आराखडा संघाच्या वंशानं काढला. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे ना, तसाच. वर मूळ पुरुष, खाली फांद्या. संघ एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला की फांदी तिकडे वळवायची.

सुरुवात झकास झाली. सॅन फ्रान्सिस्को सील्स, 1903 ते 1957. तिथून 1958 ला फिनिक्स. फिनिक्सहून 1960 ला टाकोमा. म्हणजे बाबांना उत्तर मिळालं: आमचा संघ सॅन फ्रान्सिस्कोहून आला, वाटेत दोन हंगाम वाळवंटात काढून. ज्या सील्सकडून ज्यो डिमॅगिओनं 1933 मध्ये सलग 61 सामन्यांत हिट मारला होता (म्हणजे प्रत्येक सामन्यात निदान एकदा चेंडू टोलवून पहिला तळ गाठला होता), त्या सील्सचे आम्ही वारस. मी लाल पेननं रेघ ओढली आणि तिच्यापुढे किती तरी वेळ बसून राहिले.

मग 1966 वर गाडी अडली.

जायंट्स आणि कब्ज हे वरच्या लीगमधले क्लब. 1965 ला टाकोमात जायंट्सचा खालचा संघ होता आणि सॉल्ट लेक सिटीत कब्जचा. 1966 ला जायंट्सचा संघ फिनिक्सला, कब्जचा टाकोमाला आणि सॉल्ट लेक रिकामं. आता वंश कुणाचा कुठे न्यायचा? जायंट्सची फांदी टाकोमाहून फिनिक्सला परत गेली असं धरलं, तर आजचा रेनियर्स सील्सचा वारस नाहीच. तो सॉल्ट लेकचा, आणि सॉल्ट लेकचा संघ 1958 ला हॉलिवूडहून आलेला, म्हणजे आम्ही हॉलिवूड स्टार्सचे. आणि तसं न धरता टाकोमाची गादी टाकोमातच ठेवली, तर सॉल्ट लेकची फांदी फिनिक्सला न्यावी लागते. रेघ दोन्हीकडे ओढता येते.

लाल रेघेवर पांढरी पट्टी चिकटवली. आज इथेच थांबते.

18 मे

सकाळी बाबांना फोन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, हे परमिटसारखं आहे. गाडीचं परमिट एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याची, ड्रायव्हर तिसरा. परमिट विकलं जातं, गाडीला नवा रंग लागतो. पण स्टँडवर उभ्या माणसाला काय, त्याची सकाळची गाडी आली की झालं."

हे फार नेमकं आहे. फ्रँचायझी म्हणजे लीगमध्ये खेळायचा हक्क, तो मालकाचा. खेळाडू आणि त्यांचा पगार वरच्या क्लबचा, तोही कराराच्या मुदतीपुरता. मैदान बहुतेक वेळा शहराचं. तीन वेगळ्या गोष्टी, आणि मी तिन्हींना मिळून "संघ" म्हणत होते.

25 मे

निर्णय झाला. आडव्या ओळी गावांच्या. संघांच्या नाहीत, मालकांच्या नाहीत, वरच्या क्लबच्याही नाहीत. ज्या गावात त्या उन्हाळ्यात या लीगचा बेसबॉल खेळला गेला, त्या गावाचा त्या वर्षाचा चौकोन रंगवायचा. हक्क कुठून कुठे गेला ते बारीक तुटक रेघेनं दाखवायचं, आणि 1966 सारख्या ठिकाणी रेघच काढायची नाही.

असं का, ते एकदा लिहून ठेवते. कुलवृत्तांतात माझं नाव आहे, त्यापुढे सासरचं नाव, आणि तिथे माझी रेघ संपते. त्या पुस्तकाच्या लेखी मी पुढे कुठे राहिले, काय केलं, याला जागा नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी मनापासून कष्ट घेतलेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण नाव कुठे गेलं याचीच नोंद ठेवली की माणसं जिथे राहिली ती जागा निसटते. या पटात मला ती जागा हवी आहे.

गावं मोजली, चाळीसच्या वर भरली. ओळीला दोन सेंटिमीटर दिले तर कागदात बसतात.

1 जून

1903 ते 1908 रंगवलं. सहा सेंटिमीटरला अख्खा रविवार गेला.

पहिले सहा: लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅक्रामेंटो, पोर्टलंड, सिअ‍ॅटल. कॅलिफोर्नियातल्या चार गावांनी वरची दोन जोडून घेतली. पहिल्या वर्षी बाकीच्या व्यवस्थापनाला न जुमानता खेळले, 1904 ला रीतसर मान्यता. हवा चांगली, त्यामुळे हंगाम लांबलचक. 1905 ला सील्स 230 सामने खेळले. आज वरच्या लीगमध्ये 162 असतात.

सॅक्रामेंटोची ओळ मी 1903 पासून सरसकट रंगवत सुटले होते. यादी पुन्हा ताडून पाहिली आणि हात थांबला. 1904 ला सॅक्रामेंटो नाहीच. तो संघ उत्तरेला गेला होता. टाकोमाला! टाकोमा टायगर्स, आणि त्या वर्षीचे विजेतेही तेच. 1905 च्या हंगामातच संघ सॅक्रामेंटोला परत, 1906 ला फ्रेझ्नो, आणि नंतर बंद.

अकरा वर्षं या गावात राहते आणि हे मला माहीत नव्हतं. सॅक्रामेंटोचा 1904 चा चौकोन ब्लेडनं हलक्या हातानं खरवडला. तिथे कागद थोडा फुलारलाय, राहू दे. टाकोमाच्या ओळीत एक पूर्ण चौकोन, शेजारी अर्धा. त्यानंतर 1906 ते 1959, चोपन्न सेंटिमीटर कोरा कागद. बोटं चालवत गेलं की लांबी हाताला कळते. 1904 चा विजय डोळ्यांनी पाहिलेलं दहा वर्षांचं पोर 1960 ला सहासष्ट वर्षांचं झालं असेल.

1906 च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि आग. मैदान गेलं, सील्सनं उरलेला हंगाम ओकलंडच्या आयडोरा पार्कवर काढला. त्या चौकोनात तिरप्या रेघा मारल्या. 1907 आणि 1908 ला चारच गावं उरली.

14 जून

लॉस एंजेलिसच्या आसपासच्या ओळी. इथे पट एकदम दाट होतो.

1909 ला व्हर्नन आलं. व्हर्नन म्हणजे लॉस एंजेलिसला लागून असलेलं कारखान्यांचं चिमुकलं गाव. त्याला संघ का मिळाला? तिथे दारूविक्रीला मोकळीक होती, आजूबाजूला नव्हती. संघामागे बिअर गाळणारं घराणं. मैदानाला लागूनच बार. 1913 ला संघ समुद्रकाठच्या व्हेनिसला गेला, तिथेही दारूला मुभा होती. 1915 चा हंगाम चालू असतानाच व्हर्ननला परतला. 1919 मध्ये मूकपटांतला नट रॉस्को आर्बकल मालक झाला. 1920 ला देशभर दारूबंदी लागू झाली आणि व्हर्ननच्या मैदानावर यायचं मोठं कारणच संपलं. 1926 ला संघ सॅन फ्रान्सिस्कोत, नाव मिशन. एकाच शहरात सील्स आणि मिशन, मैदानही एकच.

त्याच वर्षी सॉल्ट लेकचा संघ हॉलिवूड स्टार्स या नावानं लॉस एंजेलिसला आला. सॉल्ट लेकमध्ये शेवटच्या वर्षी, 1925 ला, टोनी लाझेरीनं साठ होम रन मारले होते. उंचावरची विरळ हवा आणि लांबलचक हंगाम, दोन्हींचा हातभार. तरी साठ म्हणजे साठ.

आता अडचण. हे पहिले स्टार्स नावापुरते हॉलिवूडचे. खेळायचे दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या रिग्ली फील्डवर, लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाचे भाडेकरू म्हणून. (शिकागोचं रिग्ली फील्ड वेगळं.) माझा नियम गावाचा, मग ओळ कोणती? दोन दिवस विचार करून ते दहा हंगाम लॉस एंजेलिसच्याच ओळीत दुसऱ्या रंगाची पट्टी म्हणून घातले. हॉलिवूडची स्वतंत्र ओळ 1938 पासून, कारण तेव्हा मिशनचा संघ तिथे आला आणि 1939 ला त्याला गिलमोर फील्ड हे हक्काचं मैदान मिळालं.

पहिल्या स्टार्सचं भाडं वाढवलं गेलं तेव्हा मालक बिल लेन 1936 ला संघ घेऊन सॅन दिएगोला गेले. नाव पाद्रेस. त्या उन्हाळ्यात त्यांनी गावातलाच एक सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा घेतला, टेड विल्यम्स. भाडं वाढलं नसतं तर तो मुलगा घरच्या मैदानावर खेळला नसता. सॅन दिएगोची ओळ हिरवी केली आहे.

22 जून

पोर्टलंड आज पूर्ण. 1903 ते 1917, 1919 ते 1972, 1978 ते 1993, 2001 ते 2010. चार तुकडे. शेवटच्या वेळी मैदान फुटबॉलसाठी बदलायचं ठरलं आणि बेसबॉलला दुसरी जागा मिळाली नाही. संघ टूसॉनला गेला, तिथून 2014 ला एल पासोला. पोर्टलंडची ओळ 2010 ला थांबते. इतक्या जुन्या गावाची ओळ अशी थांबलेली पाहून मला खरंच वाईट वाटलं.

सिअ‍ॅटल: 1903 ते 1906, मग 1919 ते 1968.

5 जुलै

1958.

या वर्षाची उभी रेघ मी जाड केली आहे. सगळ्या पटात अशी एकच.

मी "वरची लीग" म्हणते ती खरं तर दोन मेजर लीगची मिळून; त्याआधी या लीगला आपण तिसरी मेजर लीग होऊ अशी आशा होती. 1952 पासून तिला ट्रिपल-एच्या वरचा खास दर्जाही दिलेला होता. शहरं मोठी, हवा उत्तम, आणि वरच्या लीगचा सगळ्यात पश्चिमेकडचा संघ कित्येक वर्षं मिसिसिपीच्या काठीच. मग विमानप्रवास सोपा झाला. ब्रुकलिनच्या डॉजर्सच्या मालकांनी 1957 च्या सुरुवातीलाच लॉस एंजेलिसचा एंजल्स संघ विकत घेऊन ठेवला, म्हणजे तिथे यायची वाट मोकळी. 1958 ला डॉजर्स लॉस एंजेलिसला, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला.

एका हिवाळ्यात तीन ओळी संपल्या. एंजल्स गेले स्पोकेनला, सील्स फिनिक्सला, स्टार्स सॉल्ट लेकला. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को, 1903 पासून 1957 पर्यंत पंचावन्न-पंचावन्न सेंटिमीटरच्या अखंड पट्ट्या, एकाच रेघेवर कापल्या जातात. सील्स शेवटच्या वर्षी, 1957 ला, विजेते होते. ओकलंडचा संघ त्याच्या दोन वर्षं आधीच, 1956 ला, व्हँकुव्हरला गेलेला.

लेकीनं शेजारी बसून पाहिलं आणि विचारलं, "पण मोठा संघ आला ना? मग त्यांना आनंद झाला असेल." झालाही असणार. पण सील्सच्या तिकिटाच्या पैशात मैदानावर जाणारा माणूस जायंट्सच्या वेळी जाऊ शकला का, हा माझा प्रश्न आहे.

सील्स स्टेडियममध्ये जायंट्स दोन हंगाम खेळले. 1959 ला ते पाडलं. त्याच सुमारास टाकोमात बेन चेनी हे लाकडाचे व्यापारी (आज घरबांधणीत वापरतात ते आठ फुटी प्रमाणित लाकूड रुळवणारे तेच) गावाला संघ मिळावा म्हणून धडपडत होते. फिनिक्सचा संघ यायला तयार होता, मैदान नव्हतं. जेमतेम शंभरेक दिवसांत मैदान उभं राहिलं, चेनींनी पदरचे पैसे घातले. आणि खुर्च्या व दिव्यांचे खांब आणले पाडलेल्या सील्स स्टेडियममधून.

हे कळल्यावर मी बाबांना वेळ न बघता फोन लावला. ते मध्यरात्री उठले. म्हटलं, बाबा, वंशाचं काय व्हायचं ते होवो, खुर्च्या नक्की सॅन फ्रान्सिस्कोहून आल्या. डिमॅगिओला ज्या खांबांखाली लोकांनी पाहिलं ते खांब इथे आले. 1959 आणि 1960 च्या मध्ये, सॅन फ्रान्सिस्को ते टाकोमा अशी एक रेघ ओढली. तुटक नाही, सलग. पटावरची ही एकच सलग रेघ, आणि ती लाकडा-लोखंडाची आहे.

19 जुलै

टाकोमाची ओळ, नावांसकट. बारीक पेननं लिहिलं:

जायंट्स 1960–65. कब्ज 1966–71. ट्विन्स 1972–77. यँकीज 1978. टग्ज 1979. टायगर्स 1980–94. रेनियर्स 1995 पासून.

सात नावं. यांतली पहिली चार वरच्या क्लबची. करार बदलला की टोपीवरचं नाव बदललं, आणि 1978 ला तर एकाच उन्हाळ्यापुरतं. टग्ज म्हणजे बंदरातल्या ओढबोटी, ते गावाचं स्वतःचं. टायगर्स 1904 चं जुनं नाव. रेनियर्स हे सिअ‍ॅटलच्या जुन्या संघाचं नाव. तो संघ त्या नावाच्या बिअरवाल्यांचा होता, आणि बिअरला नाव मिळालं समोरच्या डोंगरावरून. हवा स्वच्छ असली की तो डोंगर इथून दिसतो.

पण खालची पट्टी? 1960 ते 2019 एकाच रंगाची, कुठेही फट नाही. मग 2020 ला महामारीमुळे कुणीच खेळलं नाही, आणि 2021 पासून पुन्हा. आज या लीगमध्ये इतका सलग काळ दुसऱ्या कुठल्याही गावात खेळ झालेला नाही. वंशवृक्ष काढला असता तर 1966 च्या घोळात हे दिसलंच नसतं.

3 ऑगस्ट

आज बाहेरच्या ओळी. हवाई 1961 ते 1987. सॅक्रामेंटोचा संघ होनोलुलूला गेला. अडीच हजार मैल समुद्र ओलांडून यायचं, म्हणून पाहुणे संघ आले की एका दमात मोठी मालिका खेळून जात. जुनं मैदान लाकडी, लोक त्याला वाळवीचा महाल म्हणत. नंतर संघ कोलोरॅडो स्प्रिंग्जला.

कॅनडा: व्हँकुव्हर, एडमंटन, कॅलगरी. व्हँकुव्हरनं 1999 ला ट्रिपल-एची अंतिम मालिका जिंकली आणि पुढच्याच वर्षी संघ सॅक्रामेंटोला हलला. एडमंटन 2004 नंतर संपलं आणि या लीगच्या पटातून कॅनडा गेला. कॅलगरीचा संघ 2003 ला आल्बुकर्कीला आला. नाव आयसोटोप्स. एका गाजलेल्या कार्टून मालिकेत गावचा संघ आल्बुकर्कीला जायला निघतो, त्या संघाचं ते नाव, आणि लोकांनीच मतं देऊन निवडलं.

साठच्या दशकातला इंडियानापोलिस, डेन्व्हर, लिटल रॉकपर्यंतचा विस्तार अर्ध्या तासात रंगवला. शेजारची लीग मोडली म्हणून तिची गावं इकडे आली, ती पुन्हा उभी राहिल्यावर गेली. पॅसिफिक किनाऱ्याशी त्यांचा संबंध नाही.

23 ऑगस्ट

1998 ला तीच शेजारची लीग पुन्हा मोडली, यावेळी कायमची. आयोवा, ओमाहा, नॅशव्हिल, न्यू ऑर्लिन्स, ओक्लाहोमा आत आले, मेम्फिस नव्यानं. सोळा संघ. शिवाय फिनिक्सला वरच्या लीगचा संघ आला, तेव्हा फिनिक्सचा हक्क टूसॉनला आणि टूसॉनचा फ्रेझ्नोला. 1966 सारखाच प्रकार. गावांच्या ओळीत हे सोपं दिसतं: फिनिक्स बंद, टूसॉन चालू, फ्रेझ्नो 1906 नंतर पुन्हा सुरू.

2021 ला वरच्या लीगनं खालची सगळी व्यवस्था ताब्यात घेतली. 160 संलग्न संघांचे 120 केले, तीस क्लबना प्रत्येकी चार. ही लीग दहा गावांची उरली आणि नावही काढून घेतलं. एक हंगाम ती नुसती "ट्रिपल-ए पश्चिम" होती. 2022 ला जुनं नाव परत मिळालं. फ्रेझ्नोला तीन पायऱ्या खाली ढकललं. तिथल्या लोकांनी काय केलं होतं?

विचिटाचा चौकोन सगळ्यात अवघड गेला. 2020 साठी न्यू ऑर्लिन्सचा संघ तिथे आला होता, नवं मैदान बांधून तयार होतं, नाव ठेवलं होतं विंड सर्ज. महामारीत हंगाम रद्द झाला. 2021 ला त्यांना एक पायरी खाली, डबल-एमध्ये टाकलं. या लीगचे म्हणून ते एकही सामना खेळले नाहीत. माझ्या नियमानं त्यांना ओळच नाही. पण मी ओळ दिली आहे. एक सेंटिमीटरचा चौकोन, फक्त कड काढलेला, आत कागदाचाच रंग.

7 सप्टेंबर

शेवटचा चौकोन, 2025. आल्बुकर्की, एल पासो, लास वेगास, ओक्लाहोमा सिटी, रीनो, राउंड रॉक, सॅक्रामेंटो, सॉल्ट लेक, शुगर लँड, टाकोमा. मूळ सहांपैकी फक्त सॅक्रामेंटो.

सॅक्रामेंटोत यंदा वेगळंच चित्र आहे. ओकलंड सोडलेले अ‍ॅथलेटिक्स तिथल्या छोट्या मैदानावर रिव्हर कॅट्सबरोबर (सॅक्रामेंटोचा या लीगमधला संघ) वाटून खेळताहेत. वरच्या लीगचा संघ गावात आला तरी खालचा गेला नाही. या पटात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सॅन दिएगो, सिअ‍ॅटल, फिनिक्स, सगळीकडे ओळ तुटलेली आहे. इथे अजून चालू आहे. अ‍ॅथलेटिक्सचा पुढचा मुक्काम लास वेगासला ठरलाय, तिथे मैदानाचं बांधकाम चालू आहे. लास वेगासची ओळ 1983 पासून अखंड, महामारीचं एक वर्ष सोडून.

बाबांना पटाचे फोटो पाठवले. त्यांनी फोन करून टाकोमाची ओळ बोटानं मोजायला लावली, मी मोजून सांगितली. मग म्हणाले, डाव्या टोकाच्या दोन चौकोनांचा मोठा फोटो पाठव, प्रिंट काढून लावतो.

उजवीकडची वीस सेंटिमीटर कोरी जागा तशीच आहे. लास वेगासच्या ओळीसमोर, तीन सेंटिमीटर पुढे, पेन्सिलीनं हलकंसं 2028 लिहून ठेवलंय.